चिंतामणराव देशमुख आणि आपल्या इमारतीचा विमा



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं आपल्या सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा आधी वाटलं, पंचवीस वर्षांच्या आठवणी लिहाव्यात. पण गणपतीतले कार्यक्रम, पाण्याच्या टँकरची भांडणं, पहिली लिफ्ट आली तो दिवस, हे सगळं लिहायला इतर मंडळी आहेत आणि त्यांची लेखणी माझ्यापेक्षा रसाळ आहे. मी जन्मभर बँकेत कर्जाचे कागद तपासले. तेव्हा माझ्या हातून कागदाचाच विषय निघणार, हे आधीच कबूल करतो.

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत इमारतीच्या विम्याचा विषय निघाला होता, आठवत असेल. तीन कंपन्यांची कोटेशन्स आली होती. निम्म्या लोकांचं म्हणणं, सर्वांत स्वस्त ती घ्या, मेंटेनन्स आधीच वाढलाय. उरलेल्यांचं म्हणणं, सरकारी कंपनी घ्या, म्हणजे डोक्याला ताप नाही. दोन तास गेले, चहा झाला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. घरी जिना चढताना माझ्या मनात आलं की दोन्ही बाजूंनी एक प्रश्न विचारायचाच राहिला. तो प्रश्न आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसानं जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वी देशापुढे ठेवला होता. त्या माणसाचं नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजे आपले सी. डी. देशमुख. त्यांचं चरित्र थोडक्यात सांगतो, आणि शेवटी आपल्या तीन कोटेशन्सकडे परत येतो.

त्याआधी दोन घरगुती गोष्टी सांगितल्या पाहिजेत, म्हणजे मला या विषयाचं एवढं का लागलंय ते कळेल.

पहिली गोष्ट वडिलांची. ते खालापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांनी एका खासगी कंपनीचा आयुर्विमा उतरवला. तुटपुंज्या पगारातून हप्ता भरायचे. पुढे ती कंपनी बुडाली. एजंट गावात येईनासा झाला, पाठवलेली पत्रं परत आली. हप्त्याच्या पावत्या मात्र आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत कितीतरी वर्षं होत्या. लहानपणी मी त्या खेळायला मागितल्या, तर वडिलांनी दिल्या नाहीत आणि फाडूनही टाकल्या नाहीत.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. २६ जुलै २००५. आपली सोसायटी तेव्हा पाच वर्षांची होती आणि मी तळमजल्यावर राहत होतो. उल्हास नदीचं पाणी त्या रात्री कसं चढलं, ते जुन्या सभासदांना सांगायला नको. आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. फ्रीज, पलंग, गाद्या, मुलीची पुस्तकं, सगळं चिखलात. घराचा विमा मी उतरवलेला होता, त्यामुळे जरा निर्धास्त होतो. क्लेम करायला गेलो तेव्हा समजलं की हप्ता कमी व्हावा म्हणून पॉलिसीतून वादळ आणि पुराचा भाग वगळलेला आहे. कागदावर माझीच सही होती. दोन-अडीचशे रुपये वाचले म्हणून मी खूष झालो होतो! दुसऱ्यांचे कागद तीस वर्षं तपासणाऱ्या माणसानं स्वतःचा कागद वाचला नव्हता. आमच्या शेजारच्यांनी तोच विमा पूर्ण घेतला होता. त्यांच्याकडे पाचव्या दिवशी सर्व्हेअर आला, दोन महिन्यांत चेक आला.

आता चिंतामणरावांकडे वळू.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, ऐन संक्रांतीच्या दिवसांतला. जन्मगाव नाते, महाडजवळचं, रायगड किल्ल्याच्या वाटेवरचं. आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख रोह्याला वकिली करत, आईचं नाव भागीरथीबाई. कुंडलिकेच्या काठी, रोह्यात त्यांचं बालपण गेलं. शिक्षण पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात झालं. १९१२ च्या मॅट्रिकला ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. ही शिष्यवृत्ती म्हणजे त्या काळी घरादाराचं नाव काढणारी गोष्ट होती.

तिथून ते केंब्रिजला, जीझस कॉलेजात गेले. विषय घेतले वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ मध्ये पदवी मिळाली आणि वनस्पतिशास्त्रातलं फ्रँक स्मार्ट पारितोषिकही. पुढच्याच वर्षी लंडनला आयसीएसची परीक्षा दिली आणि तिथेही पहिला नंबर. हा माणूस जन्मभर पैशाच्या खात्यांत वावरला, पण मूळचा झाडापानांचा आणि संस्कृतचा. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणलं, स्वतः संस्कृतात कविता केल्या आणि जिथे राहिले तिथे बाग लावली. आकड्यांचा माणूस रुक्षच असतो असं आमच्या बँकेतल्या लोकांबद्दल घरोघरी म्हणतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

नोकरीची सुरुवात मध्य प्रांत आणि वऱ्हाडात झाली. जिल्ह्यात फिरून सारा, जमिनी, दुष्काळ, खजिना बघणं हे आयसीएस अधिकाऱ्याचं मुख्य काम. प्रांताच्या अर्थखात्यात त्यांचं नाव झालं. १९३१ मध्ये लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात त्यांना काम मिळालं. गांधीजी ज्या परिषदेला गेले होते तीच ही. पुढे १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. आधी संपर्क अधिकारी, मग सेक्रेटरी, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. नोटेवर भारतीय माणसाची सही आली ती त्यांची, आणि ती सही नात्याच्या देशमुखांची होती, हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना शाळेत सांगायला हवं.

गव्हर्नरपदाची सहा वर्षं साधी नव्हती. महायुद्ध, महागाई, बंगालचा दुष्काळ, फाळणी. १९४४ मध्ये ब्रेटन वूड्सच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घातला गेला, त्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात ते होते. फाळणीनंतर जून १९४८ पर्यंत पाकिस्तानच्याही मध्यवर्ती बँकेचं काम आपल्या रिझर्व्ह बँकेनंच पाहिलं. १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली आणि त्याच वर्षी बँकिंग कंपनीज कायदा आला. त्या कायद्यानं बँकांचे हिशोब तपासायचा पक्का अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाला. आम्ही बँकवाले इन्स्पेक्शन म्हटलं की वैतागायचो, रजा रद्द व्हायच्या. पण लोक आपल्याकडे पैसे ठेवून निर्धास्त झोपायचे त्याचं कारण ते इन्स्पेक्शनच होतं, हे निवृत्त झाल्यावर जास्त कळलं.

१९५० मध्ये नेहरूंनी त्यांना नियोजन आयोगावर घेतलं आणि लगेच अर्थमंत्री केलं. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. म्हणजे देशाचा अर्थमंत्री आपल्या जिल्ह्याचा खासदार होता. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९५३ मध्ये, त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई स्वातंत्र्यसैनिक, घटना समितीच्या सदस्य आणि स्त्रियांसाठी मोठं काम उभं करणाऱ्या. त्या विवाहाला साक्षीदार म्हणून खुद्द नेहरूंची सही होती. १ जुलै १९५५ ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तीही त्यांच्याच काळात. लहान गावात बँकेची शाखा जाणं तिथून सुरू झालं.

आता विम्याचा विषय. आपल्याकडे विमा कंपन्या काही कालपरवा आलेल्या नाहीत. स्वदेशीच्या चळवळीत अनेक देशी कंपन्या निघाल्या. साताऱ्याला १९१३ मध्ये अण्णासाहेब चिरमुल्यांनी वेस्टर्न इंडिया ही आयुर्विम्याची कंपनी काढली. १९१९ मध्ये सर दोराबजी टाटांनी न्यू इंडिया काढली. ज्या टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला पाण्यावर वीज केली, त्याच घरचं हे काम. चांगल्या कंपन्या होत्याच. पण चांगल्यांच्या गर्दीत इतरही होत्या. १९३८ मध्ये कडक कायदा झाला, तरी स्वातंत्र्याच्या आसपासच्या दहा वर्षांत पंचवीस आयुर्विमा कंपन्या दिवाळ्यात गेल्या. आणखी पंचवीस कंपन्यांनी पैसा इतका उडवला, की त्यांचा धंदा दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवावा लागला, आणि नुकसान झालं ते पॉलिसी घेणाऱ्यांचं. माझ्या वडिलांसारखी माणसं त्या पन्नासांच्या यादीत कुठेतरी होती.

डिसेंबर १९५५ मध्ये फिरोझ गांधींनी लोकसभेत रामकृष्ण दालमियांचं प्रकरण बाहेर काढलं. दालमिया भारत इन्शुरन्स कंपनीचे प्रमुख. कंपनीचा सुमारे सव्वादोन कोटी रुपयांचा पैसा त्यांच्या शेअर बाजारातल्या व्यवहारांत गेला होता. १९५५ चे सव्वादोन कोटी, लक्षात घ्या. पुढे खटला होऊन त्यांना शिक्षा झाली. यातली गोम अशी, की विमा घेणारा माणूस हप्ता भरतो वीस वर्षं आणि पैसे मिळतात शेवटी. मधल्या काळात तो पैसा दुसऱ्याच्या हातात असतो. तो हात कोणाचा, आणि त्या हाताकडे कोणाचं लक्ष आहे? चिंतामणरावांनी देशापुढे ठेवलेला प्रश्न हाच.

उत्तर म्हणून त्यांनी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण करायचं ठरवलं. तयारी अगदी गुप्तपणे, मोजक्या अधिकाऱ्यांना घेऊन केली, कारण बातमी फुटली असती तर कंपन्यांच्या तिजोऱ्या आणि दप्तरं रातोरात हलली असती. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री त्यांनी आकाशवाणीवरून निर्णय जाहीर केला, वटहुकूम निघाला आणि सरकारनं नेमलेल्या लोकांनी कंपन्यांचा कारभार हातात घेतला. लहानमोठ्या मिळून २४५ संस्था एका छत्राखाली आल्या. १ सप्टेंबर १९५६ ला पाच कोटींच्या सरकारी भांडवलावर एलआयसी सुरू झाली, आणि पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी आहे, असं कायद्यातच लिहिलं गेलं.

पण त्या १ सप्टेंबरला चिंतामणराव अर्थमंत्री नव्हते. विम्याच्या भाषणाच्या तीनच दिवस आधी, १६ जानेवारीला, मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला होता. मुंबई पेटली, गोळीबार झाले. आपल्या लोकांना असं वागवलं जातंय हे त्यांना पटलं नाही. त्यांनी राजीनामा देऊ केला. तो लगेच स्वीकारला गेला नाही, अर्थसंकल्पाचं काम त्यांनी पार पाडलं आणि जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. देशाचा अर्थमंत्री तत्त्वासाठी खुर्ची सोडतो, हे महाराष्ट्र विसरला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्या राजीनाम्यानं लोकांना केवढा धीर दिला, ते आमच्या वडिलांच्या पिढीनं पाहिलं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर सरकारी कंपनी घ्या म्हणणारे सभासद जिंकले असते. पण दीडच वर्षानं काय झालं बघा. १९५७ मध्ये एलआयसीनं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारलं नव्हतं. पुन्हा फिरोझ गांधींनीच लोकसभेत प्रश्न उचलला. न्यायमूर्ती छागलांनी १९५८ च्या सुरुवातीला मुंबईत उघड चौकशी केली, लोक गर्दी करून ऐकायला जायचे. नवे अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे मालक सरकार असला तरी विचारणारा कोणी नसेल, तर पैसा पुन्हा भलतीकडे जातो. आणि दुसरी बाजूही खरी, की प्रश्न विचारला गेला म्हणून एलआयसी सावरली आणि टिकली. माझ्या वडिलांनी १९५७ मध्ये भीत भीत पुन्हा पॉलिसी घेतली. तिची मुदत संपल्यावर पैसे वेळेवर मिळाले, त्यात बहिणीचं लग्न झालं. त्यानंतर केव्हातरी ट्रंकेतल्या जुन्या पावत्या दिसेनाशा झाल्या.

मंत्रिपद सोडल्यावर चिंतामणराव घरी बसले नाहीत. ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतलं इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं राहिलं ते त्यांच्या पुढाकारानं. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते उभे राहिले, तिसऱ्या क्रमांकावर राहिले. १९७५ मध्ये त्यांना आणि दुर्गाबाईंना एकाच वर्षी पद्मविभूषण मिळालं. दुर्गाबाई १९८१ मध्ये गेल्या, आणि २ ऑक्टोबर १९८२ ला, गांधीजयंतीच्या दिवशी, हैदराबादला चिंतामणरावांचं निधन झालं. ते तेव्हा ८६ वर्षांचे होते.

आता ज्या एका गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो. १९५६ मध्ये त्यांनी फक्त आयुर्विमा हातात घेतला. आग, गाडी, माल, घर यांचा विमा, ज्याला साधारण विमा म्हणतात, तो खासगी कंपन्यांकडेच ठेवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तो व्यापारउद्योगाचा भाग आहे, वर्षावर्षाचा व्यवहार आहे, त्यात काही चुकलं तर सामान्य नागरिकाला थेट झळ बसत नाही. १९५६ मध्ये हे खरंच होतं. आपल्या आईवडिलांपैकी कितीजणांच्या नावावर फ्लॅट होता? गाडी कोणाकडे होती? दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा थर्ड पार्टी विमा १९४६ पासून सक्तीचा होता खरा, पण कर्जत-खालापूर मिळून गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील. पुढे १९७३ मध्ये १०७ साधारण विमा कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या, आणि २००० पासून खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडलं. आपली सोसायटीही २००० मधलीच.

आज परिस्थिती उलटी आहे. आपल्यातल्या बहुतेकांची जन्माची कमाई या इमारतीत आहे. पार्किंगमध्ये गाड्यांना जागा नाही, रोज कोणीतरी एक्सप्रेसवेनं खालापूर टोलनाका ओलांडून पुण्याला किंवा पनवेलला जातो. उल्हासला पूर येतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. गेलेली माणसं कुठल्याही विम्यानं परत येत नाहीत. पण मागे राहिलेल्यांना डोक्यावर छप्पर घालायला पैसा लागतो, हे आपण जवळून पाहिलं. तेव्हा जो प्रश्न चिंतामणरावांनी आयुर्विम्याला लावला, तो आता घराच्या आणि गाडीच्या विम्याला आपणच लावायला हवा. आपला पैसा कोणाच्या हातात आहे, आणि वेळ आली की तो हात पुढे येईल का?

तो लावायचा कसा, ते बँकेतल्या सवयीनं क्रमानं मांडतो.

एक, कंपनीची ऐपत. विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमानं प्रत्येक कंपनीला देण्याच्या मानानं दीडपट ताकद ठेवावी लागते. याला सॉल्व्हन्सी रेशो म्हणतात, आणि तो १.५ च्या खाली नको. हा आकडा कंपनीला दर तिमाहीला जाहीर करावा लागतो. सरकारी म्हणून डोळे मिटू नका. अलीकडच्या वर्षांत काही सरकारी कंपन्यांचाही आकडा याच्या खाली गेला होता. आणि खासगी म्हणून नाक मुरडू नका. काही खासगी कंपन्यांचा आकडा उत्तम आहे.

दोन, क्लेमचा अनुभव. शंभर रुपये हप्ता घेऊन कंपनी क्लेमपोटी किती देते, किती क्लेम नाकारते, किती तक्रारी येतात, हेही आकडे प्रसिद्ध होतात. फार कमी देणारी कंपनी हात आखडता घेते, आणि शंभराच्या वर देणारी फार काळ तशी चालू शकत नाही. एका वर्षाचा आकडा पाहू नका, तीन वर्षांचे पाहा. शिवाय कर्जत, खोपोली किंवा पनवेलला ज्यांना क्लेम मिळाला आहे अशा दोन माणसांना विचारा. सर्व्हेअर किती दिवसांत आला, हा एकच प्रश्न पुष्कळ सांगून जातो.

तीन, घराची पॉलिसी. १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना भारत गृह रक्षा ही एकाच नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं हे सगळं तिच्यात आहे. मूळ मजकूर सगळीकडे सारखा, तेव्हा फरक राहतो तो हप्ता, जोडकव्हर आणि सेवा यांचा. रक्कम ठरवताना जागेचा बाजारभाव धरू नका. विमा बांधकामाचा असतो, जमिनीचा नसतो. इमारत पुन्हा बांधायला आज जो खर्च येईल तो धरायचा. कोटेशनमध्ये यापेक्षा वेगळ्या नावाची पॉलिसी असेल, तर पूर आणि दरड आत आहे की वगळली आहे, ते आधी बघा. माझं काय झालं ते वर सांगितलंच.

चार, गाडी. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तो सगळीकडे सारखा असतो, त्यामुळे त्यात स्वस्त-महाग असं काही नाही. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. जवळचं कॅशलेस गॅरेज कुठे आहे ते बघा. हप्ता कमी दाखवण्यासाठी गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, पाडलेली नाही ना, ते बघा. पुराच्या भागात राहणाऱ्यांनी इंजिनाचं जोडकव्हर जरूर घ्यावं. आणि पाण्यात बुडालेली गाडी चालू करायला जाऊ नका. किल्ली फिरवली की इंजिन जातं, आणि साध्या पॉलिसीत तो क्लेम बहुधा बसत नाही. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकली तरी तो आपल्याबरोबर नव्या गाडीला न्यायला विसरू नका.

पाच, भांडायची वेळ आली तर. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

इमारतीच्या विम्याचा खर्च मेंटेनन्सच्या बिलात वेगळा दाखवायची सोय आदर्श उपविधींत आहे, आणि तो प्रत्येकाच्या फ्लॅटच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटला जातो. आलेल्या तीन कोटेशन्सवर मी वरचे मुद्दे लावून एक पानी तक्ता केला आहे. तो नोटीस बोर्डावर लागेल. स्वस्त कोणती हे त्यात आहेच, पण तो रकाना मी शेवटी ठेवला आहे.

पुढच्या सभेला सर्वांनी यावं ही विनंती. वरच्या मजल्यावरच्यांनी तर जरूर यावं, कारण पाणी तळमजल्यावर आलं तरी लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप आणि मीटरची खोली सगळ्यांचीच असते. चिंतामणरावांनी एका रात्रीत २४५ संस्थांचा निकाल लावला. आपल्याला तीन कोटेशन्समधून एक निवडायचं आहे. निवडल्यावर पॉलिसीची प्रत प्रत्येक घरी पोचेल अशी व्यवस्था कमिटी करणार आहे. ती कपाटात टाकण्याआधी एकदा वाचा, एवढंच मागणं.